नाकबाईची जागा

नाकबाई स्वभावाने वाईट होती, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे तिची जी दशा झाली ती वाचून कुणाला उगाच गहिवर यायला नको. आमच्या शेडमध्ये तिच्याबद्दल चांगलं बोलणारं एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे ती स्वतः.

आमच्या शेडमध्ये मेलेली यंत्रं येतात. टीव्ही, मिक्सर, प्रिंटर, टेबलफॅन. त्यांच्यातलं तांबं आणि लोखंड आधीच कुणीतरी काढून नेलेलं असतं, आमच्या वाट्याला नुसती प्लास्टिकची कवचं. ती टेबलावर निवडायची, मग माझ्या यंत्रात घालून त्यांचा चुरा करायचा, चुरा धुऊन वाळवायचा, आणि शेवटी वितळवून त्याचा बारीक दाणा कापायचा. दाण्याची पोती कंपन्या नेतात आणि त्याच्या पुन्हा नव्या वस्तू करतात. चुऱ्याच्या यंत्रावर मी असते, म्हणून मला भुगावाली म्हणतात. नाकबाईचं आणि माझं घर शेजारी शेजारी. मध्ये एक भिंत, तीही नावालाच. त्यामुळे तिचं शेडमधलं आणि घरातलं, दोन्ही मला ठाऊक.

या धंद्यात खरी मेख आहे ती निवडण्यात. कवचं मुख्यतः दोन जातींची. कागदावर त्यांना इंग्रजी अक्षरांची नावं आहेत, पण आम्ही वासावरून एकीला गोड म्हणतो आणि दुसरीला रबरी. कवचाच्या आत खूण छापलेली असते म्हणतात, पण आमच्याकडे येईतो तो भाग फुटून गेलेला असतो. रंगाने सारख्या, वजनाला सारख्या, पाण्यात टाकल्या तर दोन्ही बुडतात, जाळल्या तर दोन्हींचा धूर काळाच. मग तुकड्याचा कोपरा लायटरने पेटवायचा, फुंकर मारून विझवायचा आणि धूर हुंगायचा. गोडचा वास कोमेजून कुजायला लागलेल्या फुलांसारखा, रबरीचा जळक्या टायरसारखा. दोन्ही वेगळ्या ठेवल्या तर माल उत्तम. एकत्र झाल्या तर दाणा दिसतो झकास, पण त्याची वस्तू केली की ती पापुद्र्यापापुद्र्याने सुटते.

हे हुंगायचं काम नाकबाईचं. तिला उंच पाठीची खुर्ची होती, तिच्यापुरता वेगळा पंखा होता, आणि मालकाच्या केबिनमधला चहा आधी तिच्याकडे यायचा. बाकी आम्ही सगळ्या उभ्याने राबणार आणि ही तिथे बसून नाकाने कांदे सोलणार. कुणाचा चुरा जाड राहिला, कुणी पाणी सांडलं, कोण सुट्टीवरून उशिरा आलं, सगळं मालकाच्या कानावर घालायची. मालक तिला अहो-जाहो करायचा. शेडमध्ये एवढा मान दुसऱ्या कुणाला नव्हता.

टेबलाच्या पलीकडे, अगदी तिच्या समोर, तिची सून बसायची. तिचं काम कवचांचे उरलेले स्क्रू काढायचे, चिकटलेली लेबलं खरवडायची. तुकडा पेटवून विझवला की नाकबाई धूर आधी सुनेच्या तोंडावरून फिरवायची आणि मग स्वतःच्या नाकाशी न्यायची. दिवसभर हेच. सुनेला छळायच्या सासवांच्या नाना तऱ्हा असतात, ही आमच्या शेडमधली, असं आम्ही समजून होतो. सूनही तेच समजून होती.

“मला धूर पाजल्याशिवाय यांना घास गोड लागत नाही,” ती पाण्याच्या टाकीपाशी मला सांगायची.

“सासू आहे ती. अत्तर शिंपडेल का?” मी म्हणायची.

खरा प्रकार मला कळला तो जेवणाच्या सुट्टीत. उन्हाळ्याचे दिवस होते. नाकबाईने शेजारी डबा उघडला आणि आंबूस वासाचा भपकारा आला. भात विटला होता, बोटाला तार येत होती. ती मात्र निवांत घास घेत होती.

“कसा झालाय भात?” मी मुद्दाम विचारलं.

“जरा आंबट लागतोय. आमच्या सुनेला साधा भात शिजवता येत नाही.”

मी काय ते ओळखलं. अख्ख्या शेडचं नाक ही, आणि हिला मांडीवरच्या डब्याचा वास येत नाही! वर्षानुवर्षं धूर ओढून ओढून तिचं नाक केव्हाच बाद झालं होतं. मी कुणाला बोलले नाही. सिनेमाला तिकीट काढावं लागतं, हा तमाशा तर फुकट होता.

त्या दिवसापासून मी यंत्रात तुकडे टाकता टाकता टेबलाकडे नीट बघायला लागले. सुनेच्या तोंडावरून धूर फिरवताना नाकबाईची नजर तुकड्यावर नसायचीच. ती सुनेच्या तोंडावर असायची. रबरीचा धूर गेला की सुनेच्या नाकपुड्या आखडायच्या, वरचा ओठ किंचित वर जायचा. गोडचा गेला की नुसत्या पापण्या खाली यायच्या. नाकबाई तेवढं टिपून घ्यायची, मग मोठ्या थाटात तुकडा आपल्या नाकाशी नेऊन डोळे मिटायची आणि जाहीर करायची, “रबरी.” रबरीच असायचं ते. सुनेला बिचारीला पत्ताही नव्हता की शेडचं नाक तिच्या चेहऱ्यावर बसवलेलं आहे.

मग मागचंही सगळं माझ्या ध्यानात आलं. सून गरोदर होती तेव्हा तिला धुराने सारखे उमासे यायचे. मालकाने स्वतः सांगितलं होतं, हिला काही महिने घरी बसवा. नाकबाई म्हणाली होती, “कशाला? आम्ही काय पोरं काढली नाहीत?” आणि दिवस भरत आले तरी तिला समोरून हलू दिलं नव्हतं. हलवेल कशी? पोटुशी बाईचं नाक किती तिखट असतं! उमासा आला की रबरी, नुसतं तोंड फिरवलं की गोड. त्या महिन्यांत आमचा माल इतका चोख गेला की मालकाने खूश होऊन नाकबाईच्या खुर्चीवर मऊ उशी आणून टाकली. सुनेला मुलगी झाली. बाळंतीण अंगाने सावरलीही नव्हती, तोच तिला पुन्हा टेबलाशी आणून बसवलं.

ती मुलगी आता शाळेत वरच्या वर्गात होती. सुनेचा जीव की प्राण. आईसारखीच नाजूक नाकाची, आमच्या घरी आली तर दारातूनच सांगायची, “मावशी, तुमचं तेल जुनं झालंय.”

गेल्या वर्षापासून नाकबाई एकेका तुकड्याला फार वेळ लावायला लागली. एकदा पेटवून फिरवायची, पुन्हा पेटवायची, पुन्हा फिरवायची. सुनेवर खेकसायची, “अशी मख्खासारखी काय बसतेस?”

“मग काय नाचू?” सून म्हणायची.

त्याच सुमाराला एका संध्याकाळी भिंतीपलीकडून करपल्याचा वास आला. बराच वेळ वाट बघून मी उठले. मुलगी मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली होती, आत सासू-सून शेगडीकडे पाठ करून बसलेल्या. एक भाजी निवडतेय, दुसरी कपड्यांच्या घड्या घालतेय. शेगडीवर दूध आटून पातेलं काळं पडत चाललं होतं. मला वाटलं, भांडण झालंय, आणि दूध कुणी उतरवायचं यावर दोघी हट्टाला पेटल्यात. मीच पातेलं उतरवलं आणि दोघींना दोन शब्द सुनावून घरी आले.

मग नाकबाईने नवीन टूम काढली. नातीला शाळेतून काढायची आणि टेबलाशी बसवायची. “आता ही समोर बसेल. तुझ्यात काही राम राहिला नाही, नुसती मख्ख बसतेस,” असं तिने सुनेला तोंडावर सांगितलं. भिंतीला कान लावायचीही गरज नव्हती.

“माझी पोर या धुरात बसणार नाही,” सून म्हणाली. “माझं जे झालं ते झालं. तिला मी त्या टेबलाच्या आसपास फिरकू देणार नाही.”

“शाळेचा खर्च कोण करतं? मी हात आखडला की येईल आपोआप.”

सुनेचा नवरा तिथेच बसला होता. तोही आमच्याच शेडमध्ये, दाण्याच्या यंत्रावर. तो आईचा मुलगा आणि बायकोचा नवरा, त्यामुळे कुणाच्याच कामाचा नाही. तो उठून बाहेर गेल्याचा आवाज मला आला.

दुसऱ्या दिवशी टाकीपाशी सून मला म्हणाली, “ती खुर्ची एकदा माझ्या हातात येऊ दे. घरात मग माझा शब्द चालेल. पोरीला शिकवीन, हवी तितकी शिकवीन.” तिचे डोळे असे झाले होते की मी थट्टा करणार होते ती गिळून टाकली.

आणि खुर्ची रिकामी व्हायला फार दिवस लागले नाहीत.

आमचा दाणा घेणारी एक कंपनी लहान मुलांच्या खुर्च्या बनवते. त्यांचा साहेब मागे एकदा येऊन आमच्या भिंतीवर एक चित्र लावून गेला होता, एकमेकांचा पाठलाग करणारे तीन हिरवे बाण. खाली लिहिलेलं, चक्राकार अर्थव्यवस्था. काहीच वाया जात नाही, गेलेलं सगळं फिरून परत येतं, असं त्याने आम्हाला समजावलं होतं. या वेळी तो आला तेव्हा त्याचं म्हणणं खरं झालं होतं. आमचा सगळा माल फिरून परत आला होता.

साहेबाने शेडच्या मध्यभागी आमच्याच दाण्याची केलेली एक निळी खुर्ची ठेवली. मालकाने सगळी यंत्रं बंद करायला लावली आणि हाक मारली, “नाकबाई, इकडे ये. बस.”

एकेरी हाक ऐकून मी मान वर केली. नाकबाईला मात्र वाटलं, साहेबासमोर आपला सत्कार आहे. तिने केस सारखे केले, आमच्याकडे एकदा नजर फिरवली आणि ऐसपैस बसली. खुर्चीचा पाय पापुद्रे सुटत फाटला आणि म्हातारी पाय वर करून आडवी झाली. आम्ही सगळ्या हसलो. मी तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. तिला उठवायला कुणी पुढे झालं नाही, सूनही नाही.

ती आपली आपण उठली. मालकाने टेबलावरून एक तुकडा उचलला, पेटवला, विझवला आणि तिच्या नाकाखाली धरला. “बोल, काय आहे?”

नाकबाईने मान वळवून सुनेकडे पाहिलं. “हिला जरा जवळ येऊ द्या,” ती म्हणाली.

“हिचं काय काम? नाक तुझं आहे ना?”

तरी सून पाऊलभर पुढे आली. धूर दोघींच्या मधे तरंगत होता. नाकबाई सुनेच्या तोंडाकडे एकटक बघत राहिली आणि सुनेच्या तोंडावरची एक रेष हलली नाही.

“गोड,” नाकबाई म्हणाली.

मी लांब उभी होते, तरी मला जळक्या टायरचा वास येत होता.

“आता डोळे मीट,” मालक म्हणाला. तिने मिटले. त्याने लायटर पेटवला, बंद केला आणि नुसता रिकामा हात तिच्या नाकाखाली नेला. हातात काही नव्हतं. साहेबाने मान दुसरीकडे वळवली.

“बोल.”

नाकबाईने दीर्घ श्वास घेतला. रोजच्या थाटात भुवया चढवल्या. “रबरी,” ती म्हणाली.

या वेळी मात्र सगळ्यांना हसू फुटलं नाही. निम्म्या हसल्या, निम्म्या गप्प राहिल्या. मी कुठल्या निम्म्यात होते ते मला आठवत नाही.

सून टेबलाला धरून उभी होती. इतकी वर्षं धूर आधी आपल्याच तोंडावर का यायचा, ते तिला तिथे उभ्या उभ्या कळलं. मी ते तिच्या चेहऱ्यावर बघितलं. नाकबाईने चेहरे वाचायची सवय मलाही लावली होती.

मालकाने साहेबाला शब्द दिला की असं पुन्हा होणार नाही. मग सुनेकडे वळला. “तू इतकी वर्षं समोर बसलीयेस. तुला तर झोपेतही ओळखू येत असेल. उद्यापासून खुर्ची तुझी. पण चुकलीस तर तू, तुझी सासू, तुझा नवरा, तिघंही घरी. निवडलेला माल मी बाहेरून विकत घेईन.”

“येतं मला,” सून म्हणाली.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे नाकबाई आधी रडली, मग किंचाळली. “मुद्दाम केलंस! तोंड दगडाचं करून उभी राहिलीस, मुद्दाम! माझं चारचौघांत नाक कापलंस!”

“हो,” सून म्हणाली. आवाज अगदी शांत होता. “मुद्दाम केलं.”

मला ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी तिच्यासाठी वाटीत गोडाचं काहीतरी घेऊन जाणार होते, पण घरात काही नव्हतं.

सकाळी सून खुर्चीवर बसली. बसण्याआधी ती मऊ उशी उचलून तिने भंगाराच्या ढिगावर भिरकावली. सासूला घरी बसवायचं नाही, स्क्रू काढायला समोर बसवायचं, असं तिने मालकाकडून मागून घेतलं होतं. कशासाठी ते सगळ्यांना कळत होतं. नाकबाई एका रात्रीत आक्रसून गेली होती. ती समोरच्या स्टुलावर बसली आणि तिने पेचकस हातात घेतला.

टेबलावरून माल आल्याशिवाय माझ्या यंत्राला काम नसतं, म्हणून मी हात बांधून बघत उभी होते. सुनेने पहिला तुकडा पेटवला, फुंकर मारून विझवला आणि धूर सावकाश सासूच्या तोंडावर सोडला. “घ्या आई,” ती म्हणाली. नाकबाई हलली नाही. मग सुनेने तुकडा आपल्या नाकाशी नेला.

ती थांबली. तुकडा खाली घेतला, पुन्हा पेटवला, पुन्हा हुंगला. दुसरा उचलला. तिसरा तर इतका जवळ धरला की ओठ भाजायचा. माझ्यापर्यंत वास स्वच्छ येत होता, पहिला रबरी, दुसरा गोड, तिसरा पुन्हा रबरी. तिच्या तोंडावर काहीच उमटत नव्हतं.

आणि मला ते दूध आठवलं. दोघींची पाठ शेगडीकडे होती, हट्टाने नव्हे. दोघींनाही वास आला नव्हता. इतकी वर्षं धूर आधी गेला तो सुनेच्याच नाकात, आणि सासूच्या नाकासारखंच तिचंही नाक हळूहळू जळून गेलं होतं. तिला कळलंही नव्हतं, कारण तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं की हा वास कशाचा आहे. आदल्या दिवशी तिने तोंड दगडाचं केलं नव्हतं. तिला धूरच कळला नव्हता.

सुनेने मान वर केली आणि सासूच्या चेहऱ्याकडे पाहिलं. म्हातारी बघायची तसंच, एकटक. पण तो चेहरा काय सांगणार? दोन मेलेली नाकं समोरासमोर बसली होती आणि मधे काळा धूर चालला होता.

नाकबाईच्या हातातला पेचकस थांबला. ती सुनेकडे बघत राहिली, आणि मग तिच्या सगळं लक्षात आलं. ती हसली, अगदी पोटातून. इतकं खूश झालेलं मी तिला कधी बघितलं नव्हतं.

“काय गं,” ती हळूच म्हणाली, “मुद्दाम ना?”

केबिनच्या दारातून मालक ओरडला, “माल का येत नाहीये? काय झालं?”

“काही नाही,” सून म्हणाली. “लायटर नीट चालत नाहीये.”

तिने टेबलावर नजर फिरवली. निवडायच्या कवचांचा ढीग तिच्या खांद्याइतका उंच होता. मग सासूकडे न बघता ती म्हणाली, “आई, उद्या येताना तिला घेऊन या.”

“शाळा?”

सुनेने लायटर पदराखाली ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. शाळेचेच बूट घातले होते, दुसरे नव्हते तिच्याकडे. तिला आजीच्या शेजारी, खुर्चीच्या बरोबर समोर बसवलं. “फक्त आज ना?” तिने आईला विचारलं. सुनेने तुकडा पेटवला, फुंकर मारली आणि धूर पोरीच्या तोंडावरून फिरवला. पोरीच्या नाकपुड्या आखडल्या, ओठ वर गेला, तिला ठसका लागला.

सासू आणि सून, दोघीही तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

“रबरी,” सून म्हणाली, आणि तिने दुसरा तुकडा उचलला.